गॅरंटीसर

यंदाही मिरची आली. पवनीत मिरची आली हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. माघ संपत आला की सकाळी दार उघडावं आणि पहिली शिंक उंबरठ्यावरच यावी. मग शेजारच्या घरातून एक, समोरच्या पानठेल्यावरून दोन. कुणी कुणाला 'सर्दी झाली काय?' म्हणून विचारत नाही. लाखोळीचं पीक उपटून झालेलं असतं, धानाच्या बांध्या उघड्या पडलेल्या असतात, ज्यांच्यापर्यंत कालव्याचं पाणी पोचतं त्यांचं उन्हाळी धान तेवढं हिरवं दिसतं. आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर मिरचीचे लाल ढीग पडतात.

या जागांना आमच्याकडे सातरा म्हणतात. ट्रकांनी मिरची येते, ती पसरून वाळवतात, आणि बाया ओळीनं बसून एकेका मिरचीचा देठ खुडतात. तोंडाला दुपट्टा, डोक्यावर जुनं लुगडं नाहीतर टिनाचं शेड, आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत खुडणं. बिनदेठाची मिरची पोत्यात बसून दूर देशी जाते म्हणतात. खुडणारी बाई पुढच्या गावच्या बाजारालाही जात नाही.

दहावीची परीक्षा नेमकी याच वेळी येते. हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण ज्यानं ठरवलं त्याला पोरी नसाव्यात. फेब्रुवारी लागला की माझ्या वर्गातले मागचे दोन बाक रिकामे व्हायचे. हजेरी घेताना नाव पुकारावं आणि कुणीतरी खालच्या मानेनं सांगावं, "सर, ते सातऱ्यावर जाते."

मी इंग्रजी शिकवायचो. मूळचा सिहोऱ्याकडचा, नोकरीनं पवनीत आलो आणि इथलाच झालो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मिरचीचा वास आला की माझे पाय आपोआप सायकलीकडे वळतात. कारण त्या दिवसांत माझा दुसरा एक धंदा असायचा. शाळा सुटली की मी सातरे फिरायचो. आपल्या पोरी शोधायच्या, त्यांच्या आया शोधायच्या, आणि मिरचीच्या ढिगासमोर उभं राहून, खोकत खोकत भाषण द्यायचं. त्या भाषणाचा शेवट ठरलेला होता. "बाई, पोरीला दोन महिने सोडा. पास होईल. माझी गॅरंटी."

काय मस्त शब्द आहे पाहा! 'हमी' म्हटलं की माणसाला सरकारी कागद आठवतो. 'वचन' म्हटलं की नाटकात गेल्यासारखं वाटतं. 'गॅरंटी' म्हटलं की मात्र समोरचा लगेच मान हलवतो. आमच्याकडे टरबूजवाला लाल निघण्याची गॅरंटी देतो, वैदू कंबरदुखीची देतो, आणि पोटात चार घोट गेलेला माणूस पावसाचीसुद्धा देतो. मीही देत सुटलो. पोरं पाठीमागे मला गॅरंटीसर म्हणायची. मला ते ऐकू यायचं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

बहुतेक पोरी पास व्हायच्या. माझी पत वाढली. पत वाढलेल्या माणसाच्या जिभेला हाड राहत नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

त्या वर्षी माया येईनाशी झाली. माया म्हणजे माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. फळ्यावर मी स्पेलिंग चुकवलं तर बोट वर न करता नुसती माझ्याकडे बघायची, आणि मी गुपचूप पुसून दुरुस्त करायचो. बाप लहानपणीच गेलेला. आई कौशल्याबाई रोवण्यात रोवण्याला, कापणीत कापणीला, आणि मिरचीत सातऱ्यावर. आमच्या शाळेमागच्या बौद्ध वस्तीत एका खोलीचं घर, पण त्या घरात मायाच्या पुस्तकांना स्वतंत्र फळी होती. वीस वर्षं होऊन गेली, तरी त्या फळीवरचा वर्तमानपत्राचा कागद, त्याची कातरीनं कापलेली झालर मला आठवते.

मी सातऱ्यावर गेलो तेव्हा मायलेकी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मायानं मला पाहिलं आणि दुपट्टा आणखी वर ओढला. कौशल्याबाई मात्र उठून उभी राहिली.

"या गुरुजी. पोट्टीले न्याले आले न?"

"हो. काहून बसवली तिले इथं?"

"ते नाई बसली तं पुढच्या वर्षाची फी कोण भरन जी? दहावी होते, मंग अकरावी येते, मंग बारावी. शिकवाले मी नाई म्हणत नाई. पण शिकून होते का काही? तुमी सांगा."

मी माझं भाषण सुरू केलं. तिनं हातानं थांबवलं. म्हणाली, "पास तं ते होतेच. ते मले माहीत हाये. मी पासचं नाई विचारून राहिली. नोकरी लागन का?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. आया पासपर्यंतच विचारायच्या. आजूबाजूच्या बाया खुडणं थांबवून बघत होत्या, माया खाली मान घालून ऐकत होती. अशा वेळी मास्तरनं 'सांगता येत नाही' म्हणायचं असतं. मी म्हणालो, "लागेल. मास्तरीण होईल माझ्यासारखी. माझी गॅरंटी."

कौशल्याबाईनं ते तसंच सोडलं नाही. म्हणाली, "इथं नोका बोलू. उद्या पुनव हाये. विहारात या, तिथं सांगा."

मी हसलो, पण गेलो. वंदना झाली, पंचशील झालं. 'खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन' हे पाचांतलं चौथं. ते सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, आणि मग पाच-सहा बायांच्या देखत कौशल्याबाईनं मला पुन्हा बोलायला लावलं. बोललो. तिनं एवढंच विचारलं, "अन् नाई लागली तं मी कोठं येऊ जी?"

"माझ्या घरी या," मी म्हणालो. "तलावाच्या पाळीकडून तिसरं घर." बाया हसल्या. मीही हसलो. कौशल्याबाई हसली नाही. तिनं ओठ हलवून 'तिसरं' असं स्वतःशीच म्हटलं. दुसऱ्या दिवशी माया वर्गात हजर होती, आणि तिची आई सातऱ्यावर दोघींचं खुडत होती.

माया दहावीला शाळेत पहिली आली. बारावीलाही चांगली. मग डी.एड. त्या काळात डी.एड.चं नुसतं पीक आलं होतं. घराघरात एक भावी मास्तर. जागा निघतील तशी भरती होईल, असं सगळेच म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी म्हणायचो. भरती काही निघाली नाही. निघाली तेव्हा परीक्षा आली, परीक्षा झाली तेव्हा ती रखडली, आणि रखडत रखडत मायाच्या बरोबरच्या पोरींना पोरं झाली.

मायालाही स्थळं यायची. कौशल्याबाई म्हणायची, "नोकरी लागू द्या, मंग पाहू." गुरुजींनी सांगितलं आहे, लागणारच आहे, मग घाई कशाला? ही सबुरी माझ्या शब्दावर उभी होती. मला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो.

मग भंडाऱ्याच्या वाटेवरच्या एका खाजगी शाळेत तिला घेतलं. बिनपगारी. अनुदान आलं की पगार सुरू, असं ठरलं. माया मला विचारायला घरी आली होती. ओसरीत उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही. "सर, जाऊ का? काही मिळणार नाही म्हणतात सध्या."

"जा," मी म्हणालो. "टिकून राहा. अनुदान आज ना उद्या येतंच."

आज लिहिताना माझा हात थांबतो तो इथं. पहिली गॅरंटी मी उत्साहात दिली होती, म्हणून तिला माफी असेल तर असो. ही दुसरी मी लाजेपोटी दिली. 'नको जाऊ' म्हटलं असतं तर पहिली खोटी होती हे कबूल करावं लागलं असतं. मी माझं तोंड वाचवलं, आणि त्या पोरीनं नऊ वर्षं एस.टी.चे धक्के खाल्ले. नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या पोरांना फुकट शिकवत होती, आणि तिच्या एस.टी.च्या पासपुरतं तिची आई मिरची खुडत होती. पुढं त्या शाळेत पोरंच उरली नाहीत, तुकड्या बंद झाल्या. अनुदान आलंच नाही.

त्यानंतरच्या मिरचीत माया सातऱ्यावर बसली. आईच्या जागेवर, कारण आईची कंबर गेली होती.

कौशल्याबाई माझ्या घरी आली नाही. एकदाही नाही. येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते. पहिली काही वर्षं मी दाराकडे बघायचो. पाळीवरून कुणी बाई वाकून चालत आली की मी उठून आतल्या खोलीत जायचो. नंतर मीच वाट बदलली. शाळेमागची ती गल्ली सोडली, भाजी बाजारातून घेणं सोडून दारावर घ्यायला लागलो. बायको म्हणायची, "तुम्हाला झालं काय?" मी म्हणायचो, "गुडघा."

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर कूलर घ्यायला गेलो होतो. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, याच्यावर गॅरंटी नाही हां, वॉरंटी आहे." मी म्हटलं, "फरक काय रे?" तर म्हणाला, "गॅरंटीत बदलून भेटते सर, वॉरंटीत नुसतं दुरुस्त." इतक्या वर्षांत मी इतकं नेमकं शिकवलं नव्हतं. घरी येऊन निरोप समारंभात मिळालेला जाडजूड इंग्रजी कोश काढला. शाल कपाटात, नारळ खाऊन झालेला, कोश तेवढा कोरा होता.

त्यात सापडलं ते असं. गॅरंटी आणि वॉरंटी या एकाच आईच्या लेकी. फार जुन्या काळी युरोपात फ्रँक नावाचे लोक होते, त्यांचा तो शब्द. अर्थ वस्तूचा नव्हे, कागदाचा नव्हे, माणसाचा. राखणारा माणूस. पाठीशी उभा राहून सांभाळणारा. तो शब्द फ्रेंचांनी उचलला. त्यांच्यातल्या काहींच्या तोंडी 'व'चा 'ग' झाला, काहींनी 'व' तसाच ठेवला. इंग्रजांनी दोन्हीकडून माल घेतला, म्हणून एकाच घरातून गॅरंटीही आली आणि वॉरंटीही. गार्ड आणि वॉर्ड ही जोडीही तशीच. आणि गावात ज्याच्या नुसत्या नावानं लोक परसदारानं पळतात ते वॉरंट, तेही याच खानदानातलं. मला हसू आलं. वर्गात सांगायला काय छान होतं, आणि आता वर्ग नव्हता.

मग खाली आणखी वाचलं, आणि हसू राहिलं नाही. जुन्या इंग्रजी कायद्यात जमीन देणारा माणूस घेणाऱ्याला असं राखण्याचा शब्द द्यायचा. पुढं कुणी तिसरा त्या जमिनीवर हक्क सांगत आला, तर घेणाऱ्यानं देणाऱ्याला हाक मारायची. त्यानं कचेरीत येऊन उभं राहायचं, घेणाऱ्याच्या वतीनं भांडायचं. हरला, तर स्वतःच्या जमिनीतून तेवढ्याच मोलाची जमीन त्याला काढून द्यायची.

म्हणजे कौशल्याबाईनं विहारात विचारलं ते बरोबर होतं. 'मी कोठं येऊ?' या शब्दाचा सगळा अर्थ त्या एका प्रश्नात होता, आणि तो तिला कोश न बघता माहीत होता. मला इंग्रजीचा पगार मिळायचा आणि मला माहीत नव्हता. मायाची वर्षं गेली. विसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंतची, माणसाच्या आयुष्यातली चांगली जमीन. ती मी माझ्या कोणत्या वर्षांतून काढून देऊ? माझी तर पेन्शनीत गेलेली. बायकोनं विचारलं, "डोळ्याला काय झालं?" बाहेर मिरचीचा वारा सुटलाच होता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही.

दोन दिवसांनी दूधवाल्याकडून कळलं, कौशल्याबाई अंथरुणावर आहे. आता उठत नाही. मधूनच ओळखते, मधूनच मागचं बोलते. मी त्या दुपारी निघालो. बायको म्हणाली, "उन्हाचं कुठं?" म्हटलं, "बोलावलंय." कुणी बोलावलं नव्हतं. ती न येता एवढी वर्षं थांबली होती, आता येणं शक्यही नव्हतं. तेव्हा आपणच जावं, शिव्या खाव्या, आणि माफी मागावी, असं ठरवून गेलो होतो. वाटेत पळस फुलला होता. वाक्य जुळवत होतो. 'बाई, मी चुकलो. माझ्यानं झालं नाही.' एवढंच. सोपी वाक्यं, आठवीतल्या पोराला येतील अशी.

दार उघडंच होतं. खाटेवर कौशल्याबाई इतकीशी उरली होती. पायाशी बसलो. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी हाये का?"

"हो, बाई."

"बरं झालं आले." तिनं उठायची धडपड केली, मी खांद्याला धरून निजवलं. मग माझं मनगट पकडून, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "माया मले काही सांगत नाई जी. इचारलं तं चूप राहते. तुमी सांगा. लागली का तिले नोकरी?"

माझी सगळी वाक्यं तिथंच गेली. तिच्या डोक्यातली मधली वर्षं पुसली गेली होती. एस.टी. नाही, ती बंद पडलेली शाळा नाही, मोडलेली स्थळं नाहीत. उरला होता तो तेवढा प्रश्न, जसाच्या तसा. खरं सांगणं माझं काम होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगायला घरातून निघालो होतो. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही.

"लागली, बाई," मी म्हणालो.

"सरकारी?"

"सरकारी."

"दूर हाये का?"

"नाही, इथंच. पवनीतच."

"माय वं!" ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले. पडल्या पडल्या पाणी कानांत उतरत होतं. "मी सांगतच होती बायायले. गुरुजीची गॅरंटी हाये म्हणून सांगत होती. हासत होत्या मले."

तेव्हा दारात सावली पडली. माया. तोंडाचा दुपट्टा गळ्यात आलेला, केसांवर लाल धूळ. ती किती वेळची उभी होती कुणास ठाऊक, पण तिनं ऐकलं होतं, हे तिच्याकडे पाहताच कळलं. मी उभा राहिलो. ती आता काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं होतं. त्याचसाठी तर आलो होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला म्हणाली, "आई, आली व मी. सुटली शाळा."

"सुटली?" कौशल्याबाई रडत रडत हसली. दोन्ही हात पुढे केले. "ये, ये माय. अशी जवळ ये. पोरं आयकतेत का तुहं?"

"आयकतेत."

पण माया जवळ आली नाही. उंबरठ्याच्या आतच उभी राहून तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले. आईचे डोळे वाहतच होते, हात पुढं केलेलेच होते, आणि ती तिथल्या तिथंच उभी. मला राग आला. वाटलं, एवढं बोललीस, आता एवढंही करू नये?

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमी पुसा तिचे डोळे. माह्या हाताले मिरची हाये. तेल लावून धुतले तरी रातवरी आग नाई जात."

मी खिशातून रुमाल काढला.